आमचा अविश्वास नोंदवून घ्या!

जुन्नर तालुक्यातील आळे या गावी रेड्याची समाधी आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात, त्या आळेफाट्यापासून ती जवळच आहे. कथा सर्वांना ठाऊक आहे. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडे शुद्धिपत्र मागायला पैठणच्या धर्मसभेपुढे उभी राहिली. सभेने पुरावा मागितला, ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवून घेतले आणि मग पोरांचा कागद झाला. परतीच्या वाटेवर तोच रेडा आळ्यात मरण पावला, अशी श्रद्धा आहे.

आम्ही बुद्धाला मानणारे लोक. रेडा बोलला की नाही, या वादात आम्हाला पडायचे नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ती सुखेनैव बाळगावी. आमचे लक्ष मात्र या कथेतील कचेरीकडे जाते. लहान पोरे दारात उभी आहेत, त्यांचे आईबाप गेले आहेत, गाव पाणी द्यायला तयार नाही आणि कचेरी म्हणते, पुरावा आणा. जनावर बोलल्याशिवाय कागद हलत नाही. ही कथा ऐकताना आमच्या वस्तीतील म्हाताऱ्या माणसांना हसू येते. ते हसू आम्ही ओळखतो. जातपडताळणीसाठी पणजोबाचा १९५० पूर्वीचा दाखला शोधत फिरलेल्या माणसाचे ते हसू आहे.

गेल्या महिन्यात एका रविवारी आळ्याच्या विहारात आसपासच्या वाड्यावस्त्यांतील मंडळी बसली होती. आम्ही वकील म्हणून गेलो होतो, कायद्याची माहिती सांगायला. ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम, पीडितांचे हक्क, मिळणारे अर्थसहाय्य असे सगळे सांगून झाले. मागे बसलेल्या एका आजीने विचारले, "वकीलसाहेब, केस करू हो, पण उद्या खुरपायला कोणाच्या रानात जायचं?" तिच्या वाडीत बौद्धांची घरे थोडी आहेत. टोमॅटो, कांदा, द्राक्ष यांच्या हंगामात ज्याच्या बांधावर मजुरी मिळते, त्याच्याच पोराविरुद्ध तक्रार द्यायची आहे. आणि ती लिहून घेणारा हवालदार त्याच मालकाच्या ओट्यावर चहा पितो, हे तिने रोज पाहिले आहे. तिला कलमे समजली नाहीत, असे कृपया कोणी म्हणू नये. आमच्यापेक्षा तिला ती चांगली समजली आहेत.

अलीकडे मोठमोठ्या विद्वानांना एक नवी चिंता लागली आहे. लोकांचा सरकारवरचा, वृत्तपत्रांवरचा, राजकीय पक्षांवरचा विश्वास उडत चालला म्हणे! विलायतेतही हीच ओरड आहे. २००३ मध्ये महासंहारक अस्त्रे असल्याचे सांगून इराकवर युद्ध लादले, ती अस्त्रे सापडलीच नाहीत. २००९ मध्ये खासदारांनी लावलेली खर्चाची बिले उघडी पडली. २०११ मध्ये मेलेल्या मुलीच्या फोनमधील निरोप चोरून ऐकणारे वृत्तपत्र बंद करावे लागले. पोस्ट खात्याच्या सदोष संगणकावर विश्वास ठेवून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक पोस्टचालकांना चोर ठरवले गेले, त्यांत आपल्या देशातून गेलेली कुटुंबेही होती, आणि त्यांच्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा यायला २०२४ साल उजाडले. मग तेथील माणूस म्हणू लागला की, आता कोणाचेच खरे वाटत नाही.

आमचा प्रश्न एवढाच की, हा जो विश्वास उडाला म्हणता, तो आमच्या वस्तीत येऊन बसला कधी होता? जे तुमच्याकडे परवा घडले, ते आमच्या खात्यावर पिढ्यान्‌पिढ्या जमा आहे.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर यांना गावाच्या जमावाने हाल करून ठार मारले. भैयालाल तेवढे वाचले. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनाचा पन्नासावा सोहळा भरला, लाखो लोक नागपुरात जमले, आणि तिथून फार लांब नसलेल्या या गावची बातमी मोठ्या वृत्तपत्रांच्या पानावर नीट यायला महिना गेला. जी आली ती अनैतिक संबंधांची कुजबुज घेऊन आली. मेलेल्या बाईचे चारित्र्य तपासायला या राज्यातील लेखणीला वेळ होता, पोलीस पाटलाला काय ठाऊक होते हे विचारायला नव्हता. आमच्या माणसांनी हाताने काढलेली पत्रके आणि छायाचित्रांच्या झेरॉक्स प्रती गावोगाव फिरल्या, तेव्हा महाराष्ट्राला कळले. नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर उतरले. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवादी असल्याची शंका बोलून दाखवली. त्याच महिन्याच्या अखेरीस कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले, आणि एका रात्रीत सगळ्या वाहिन्यांना दलितांचा राग दिसला. चार प्रेते दिसायला महिना लागला, रेल्वेचे डबे दिसायला तासही लागला नाही.

आणि न्यायालय? सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. पेढे वाटणाऱ्यांनी निकालपत्र वाचले नव्हते. गुन्हा खुनाचा आहे, जातीचा नाही, ॲट्रॉसिटी कायदा येथे लागू होत नाही, असे त्यात होते. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली आणि जातीचा मुद्दा तसाच बाजूला राहिला. आम्ही फाशीचे भुकेलेले नाही. बुद्धाच्या मार्गावर चालणाऱ्याने फाशीचा हट्ट धरूही नये. परंतु ज्या गावात भोतमांग्यांच्या घराला पक्क्या भिंती बांधू दिल्या गेल्या नाहीत, त्या गावात जात कुठे दिसली नाही, हे वाक्य आमच्या माणसाने कसे पचवावे? भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात गेले. शेवटच्या निकालाची वाट पाहत गेले.

विलायतेतील एक प्रकरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. २२ एप्रिल १९९३ रोजी लंडनमध्ये बसथांब्यावर उभ्या असलेल्या स्टीफन लॉरेन्स या काळ्या विद्यार्थ्याला गोऱ्या पोरांनी भोसकून मारले. पोलिसांनी तपासाची वाट लावली. त्याच्या आईबापाने हार मानली नाही. अखेर निवृत्त न्यायमूर्ती मॅकफर्सन यांच्या चौकशीने फेब्रुवारी १९९९ मध्ये लिहून दिले की, लंडनच्या पोलीस दलात वर्णद्वेष ही एकट्यादुकट्या शिपायाची खोड नाही, तो संस्थेच्या रक्तात आहे. पुढे कायदा बदलला आणि २०१२ मध्ये दोघांना शिक्षा झाली. तेथील पोलीस त्यामुळे धुतल्या तांदळासारखे झाले, असे आमचे म्हणणे नाही. पण संस्थेचे नाव घेऊन संस्थेचा दोष सरकारी कागदावर आला.

आमच्याकडे काय झाले? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला. लोक जमले, राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, दहा माणसे गेली. गुंडेवार आयोग बसला. २००९ मध्ये एका फौजदाराला जन्मठेप झाली, तो जामिनावर बाहेरही आला. एक फौजदार! त्याच्या हातात बंदूक देणारी, वस्तीकडे दंगलखोर म्हणून पाहायला शिकवणारी व्यवस्था कोणत्याही निकालात सापडत नाही.

प्रसारमाध्यमांबद्दल आम्ही अधिक काय लिहावे? १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याची जाहिरात रोख पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. टिळक त्या वेळी हयात होते. पैसे देऊनही आमची जागा नव्हती. पुढे पैसे देणाऱ्या इतरांना मात्र जागाच जागा झाली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांचे गुणगान करणारे लेख वेगवेगळ्या मराठी वृत्तपत्रांत शब्दशः सारखे छापून आले. पी. साईनाथ यांनी ते उघडकीस आणले, प्रेस कौन्सिलने दोघांची समिती नेमली, आणि त्या समितीचा संपूर्ण अहवाल कौन्सिलने दडपून ठेवला. माहिती आयोगाचा आदेश झाल्यावर २०११ मध्ये तो बाहेर आला. वृत्तपत्रांवर नजर ठेवणारी संस्थाच वृत्तपत्रमालकांपुढे वाकली, हे ज्याने पाहिले, त्याने सकाळचा पेपर कोणत्या मनाने उघडावा? इंग्लंडातील लिव्हरपूल शहराची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या मैदानात झालेल्या चेंगराचेंगरीने त्या शहराच्या संघाचे ९७ चाहते मेले. 'सन' या वृत्तपत्राने पोलिसांच्या सांगण्यावरून मेलेल्यांच्याच मित्रांवर चोरीचे आणि दारूचे आरोप छापले. दोष प्रेक्षकांचा नव्हता हे २०१६ मध्ये ज्यूरीने मान्य केले. पण शहराने ज्यूरीची वाट पाहिली नाही. 'सन'वर त्यांनी तेव्हाच बहिष्कार घातला आणि तो पिढी बदलली तरी उठला नाही. तुम्ही ज्या दैनिकात हा मजकूर वाचत आहात, तेही अशाच एका बहिष्कारातून जन्मले आहे, एवढे लक्षात ठेवावे.

राजकीय पक्षांचे तर बोलायलाच नको. एकाला दिलेले मत २०२२ आणि २०२३ मध्ये रातोरात दुसऱ्याच्या घरी नांदायला गेले, हे आळेफाट्याच्या चहावाल्यापासून सर्वांनी पाहिले. परंतु दुसऱ्याचे कुसळ दाखवताना आपले मुसळ झाकणे बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभत नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन-तीन वर्षांत फुटला. १९९८ मध्ये एकजुटीने चार खासदार निवडून आले, त्या चौघांनाही एकत्र राहता आले नाही. आमची आजी खुरप्याची चिंता करते, तेव्हा त्या चिंतेत आमच्या नेत्यांवरचा अविश्वासही असतो. केस केली तर मोर्चाला सगळे गट येतील, तारखेला कोणी येणार नाही, हे ती जाणते. हे आम्ही वकिलांनीही कबूल केले पाहिजे.

आमच्या पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे, तर १ जानेवारी २०१८ विसरता येत नाही. भीमा कोरेगावला अभिवादनासाठी गेलेल्या बायकापोरांवर दगड पडले. आळे-नारायणगाव भागातूनही माणसे गेली होती. कोणी उसात लपून, कोणी चालत परतली. फेब्रुवारीत चौकशी आयोग नेमला, चार महिन्यांसाठी. त्याला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत वर्षे गेली. दरम्यान तपासाची दिशाच फिरली आणि लेखक, वकील, प्राध्यापक तुरुंगात गेले. खैरलांजीवर पुस्तक लिहिणारे आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी शरण जावे लागले आणि ते सुटले २६ नोव्हेंबर २०२२ रोजी. आत जाण्याचा दिवस भीमजयंतीचा, बाहेर येण्याचा संविधान दिनाचा. हा योगायोग असेलही. पण वस्तीत याला कोणी योगायोग म्हणत नाही.

येथवर वाचून एखादा तरुण म्हणेल, साहेब, मग सगळेच चोर, कशाला कोर्ट आणि कशाला मतदान? नेमका येथेच आमचा त्याच्याशी मतभेद आहे. 'सगळेच चोर' म्हणून घरी बसणाऱ्या माणसाची कोणत्याही चोराला भीती वाटत नाही. भीती वाटते ती तारीख-वार लिहून ठेवणाऱ्याची.

परभणी पाहा. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर पोलीस वस्त्यांत शिरले. कायद्याचा विद्यार्थी असलेला सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांच्या धक्क्याने मृत्यू असे आले. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की, त्याला श्वसनाचा विकार होता, मारहाण झाल्याचे चित्रीकरणात दिसत नाही. या दोन कागदांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा? त्याच्या आईने सभागृहातील निवेदन ऐकले आणि ती वकील घेऊन उच्च न्यायालयात उभी राहिली. ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी तिची बाजू मांडली. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला होता. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० जुलैला तेथेही हरले. एका मजूर बाईचा अविश्वास राज्य सरकारच्या निवेदनापेक्षा भारी ठरला, कारण तो शपथपत्रावर होता.

२०१८ चीही आठवण द्यावी लागेल. २० मार्चच्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातील होते. २ एप्रिलला देश बंद झाला, लोकांनी जीव दिले, ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ आणले, २०१९ मध्ये न्यायालयाने आपलेच निर्देश मागे घेतले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये दुरुस्ती वैध ठरवली. रस्त्यावरची घोषणा आणि पुनर्विचाराची याचिका, दोन्ही एकाच वेळी चालू होत्या म्हणून हे झाले. याउलट खर्ड्याचा नितीन आगे घ्या. २०१४ मध्ये भरदिवसा शाळेतून ओढून नेऊन पोराला मारले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. त्या साक्षीदारांचे पहिले जबाब झाले, तेव्हा त्यांच्या घरी नियमाने जायला हवे होते. किती संघटना गेल्या?

म्हणून आळ्याच्या विहारात आम्ही आजीला 'घाबरू नका' असे सांगितले नाही. तिचे घाबरणे खरे आहे. आम्ही सांगितले की, तुमचा पोलिसांवर विश्वास नाही, हेच लिहू. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पीडिताच्या बाजूने कायद्यात बरेच आले आहे. तक्रार वाचून दाखवलीच पाहिजे, प्रत तिथल्या तिथे दिलीच पाहिजे, नाही दिली तर तो अधिकाऱ्याचा गुन्हा आहे. जामिनाच्या वेळी पीडिताचे ऐकलेच पाहिजे, कामकाजाचे चित्रीकरण मागता येते. तपास उपअधीक्षकाखालच्या माणसाने करायचा नाही. ठाण्यात दाद लागली नाही तर अधीक्षकाला लेखी कळवायचे, तेथेही नाही तर दंडाधिकारी. जिल्हाधिकाऱ्यांच्या दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी आणि मुख्यमंत्र्यांच्या समितीची वर्षातून दोनदा व्हायला हवी. त्या कधी झाल्या, इतिवृत्तात काय लिहिले, हे दहा रुपयांच्या अर्जात विचारता येते. आमच्या स्वतःच्या वकिलीत एका ठाण्यात दुपारी चारपासून रात्री अकरापर्यंत फिर्यादीसह बसून राहिल्याचा अनुभव आहे. त्या सात तासांची नोंद आम्ही वेळेसह अर्जात घातली आणि चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी केली, तेव्हाच कागद हलला. रेडा बोलला नाही.

एका पोराने विचारले, "साहेब, हे लिहून ठेवायचं वेड आपल्यात कुठून आलं?" त्याला आम्ही जुन्नरच्या लेण्यांत जायला सांगितले. लोक गणपतीसाठी लेण्याद्रीला जातात. तो सारा डोंगर आपल्या बौद्ध भिक्खूंचा विहार होता. जुन्नरच्या लेण्यांतील सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत दानाच्या नोंदी आहेत. कोणी दिले, काय दिले, उत्पन्न कोणाकडे ठेवले. ठेव ठेवली ती कोणाकडे? बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे, कासारांच्या श्रेणीकडे. ज्यांना पुढे गावगाड्याने वेशीबाहेर आणि पायरीखाली ढकलले, त्या कारागिरांच्या हाती संघाचा पैसा सुरक्षित मानला जात होता. आणि विश्वास असूनही तो दगडावर कोरून ठेवला होता, उद्या कोणी नाही म्हणू नये म्हणून.

त्या रविवारी मंडळींनी एक शंभर पानी वही आणवली. विहारात बुद्धमूर्तीशेजारच्या कपाटात ती ठेवायची असे ठरले. कोणत्या कचेरीत कोण गेले, कोणाला भेटले, काय उत्तर मिळाले, पोच मिळाली की नाही, सोबत कोण होते, एवढे रकाने एका नववीतल्या मुलीने पट्टीने आखले. पुढच्या तारखेला आजीसोबत जायला चार जणांनी नावे दिली, त्यांत दुसऱ्या गटाचेही दोघे होते. त्या दिवशी तिची मजुरी बुडेल, ती वर्गणीतून द्यायची ठरली. वहीत पहिली नोंद तिचीच आहे. पोचच्या रकान्यात 'नाही' लिहिले आहे आणि त्यापुढे, 'सोमवारी पुन्हा'.